कॅचवेट लढती न्याय्य असतात का? वजनाच्या सौद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सिंगची एखादी मोठी लढत जाहीर झाली की पहिला वाद वजनावरून पेटतो आणि निकालानंतरही तोच धुमसत राहतो. ‘अमक्याला वाळवून रिंगमध्ये आणलं’, ‘तमक्याने पैसे मोजून वजन चुकवलं’, अशी वाक्यं कानावर पडतात, पण करारात नेमकं काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हे पान. आकडे पौंडांत आहेत, कारण या धंद्यात सगळं पौंडांतच चालतं. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.

कॅचवेट म्हणजे नक्की काय?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १०५ पौंडांपासून हेवीवेटपर्यंत सतरा वजनगट आहेत. (डब्ल्यूबीसी या किताब देणाऱ्या संघटनेने २०२० मध्ये ब्रिजरवेट नावाचा आणखी एक घुसडला, पण तो सगळ्या संघटना मानत नाहीत.) वेल्टरवेटची मर्यादा १४७ पौंड, सुपर वेल्टरची १५४, मिडलवेटची १६०, सुपर मिडलची १६८, लाइट हेवीची १७५. या ठरलेल्या आकड्यांवर न बसणारा, दोन्ही बाजूंनी आपापसांत ठरवून करारात लिहिलेला आकडा म्हणजे कॅचवेट. १४५, १५२, १५५, १६४.५ अशा मर्यादांवर बड्या लढती झालेल्या आहेत.

वजनगट आहेतच, मग ही उठाठेव कशाला?

गावच्या जत्रेतल्या आखाड्यात वजनकाटा नसतो. पंच दोघांना शेजारी उभं करून अंगकाठी बघतात आणि जोड लावतात. जोड विजोड वाटली तर लोकच आरडाओरडा करतात. कॅचवेटचं मूळ काम हेच, जोड जमवणं. एक जण १५४ चा, दुसरा १४७ चा, दोघांची लढत लोकांना बघायचीय, तर १५० वर भेटा. एक थोडा उतरतो, दुसरा थोडा चढतो. २००७ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्स आणि विंकी राइट १७० पौंडांवर लढले. हॉपकिन्स तेव्हा १७५ मध्ये होता, राइट खालच्या गटांतून वर येत होता. कुणाला सुकवायचं नव्हतं. अशा कराराबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही.

हे नियमात बसतं का?

बसतं. जिथे लढत होते तिथल्या राज्याच्या किंवा देशाच्या आयोगाने मंजुरी दिली, दोघांतला फरक धोकादायक नाही असं मानलं, की करार चालतो. विजेतेपद पणाला असेल तर संबंधित संघटनेचीही संमती लागते. ती सहसा मिळते. मोठ्या लढतीतून संघटनेलाही शुल्क मिळतं हे विसरू नका.

आकडा ठरवतो कोण?

ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो. अमेरिकेत त्याला ‘ए-साइड’ म्हणतात. समोरच्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं मानधन मिळणार असतं, त्यामुळे तो दोन पौंडांसाठी अडून बसत नाही. ‘दोघांनी सही केली, मग अन्याय कुठला?’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. सही दोघांची असते, पण अडलेला एकच असतो.

१४ नोव्हेंबर २००९, लास वेगास. मिगेल कोटो डब्ल्यूबीओ या संघटनेचा वेल्टरवेट विजेता, म्हणजे हक्काची मर्यादा १४७. मॅनी पॅकियावशी लढत ठरली ती १४५ वर, आणि कोटोचा विजेतेपदाचा पट्टाही पणाला. पॅकियाव १४४ भरला, कोटो बरोबर १४५. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पॅकियाव त्या काळात इतका भन्नाट लढत होता की १४७ वरही निकाल बहुधा तोच लागला असता. पण विजेत्यालाच स्वतःच्या गटाच्या मर्यादेवर लढू दिलं नाही, ही गोष्ट त्यामुळे झाकली जात नाही.

पुढे कोटो स्वतः ए-साइड झाला, तेव्हा त्यानेही तेच केलं. मिडलवेट म्हणजे १६०; त्याने २०१४ मध्ये सर्हियो मार्टिनेझला १५९ वर आणि २०१५ मध्ये डॅनियल गीलला १५७ वर बोलावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोटो आणि कनेलो अल्वारेझ १५५ वर लढले, मिडलवेटच्या किताबासाठी. कनेलो जिंकला आणि मे २०१६ मध्ये अमीर खानशीही १५५ वरच लढला. मिडलवेटचा विजेता मिडलवेटपेक्षा पाच पौंड खाली लढतोय, हे बघून चाहते त्या आकड्याला ‘कनेलोवेट’ म्हणू लागले. टोमणा झोंबणारा होता आणि रास्तही.

कधीकधी आकडा कुणी सुचवला यावरच एकमत नसतं. सप्टेंबर २०१३ मध्ये फ्लॉइड मेवेदर विरुद्ध कनेलो ही लढत १५२ वर झाली. ही कल्पना कनेलोच्याच गोटाची होती असं मेवेदर म्हणत राहिला, लोक उलट समजत राहिले. १५४ ला मुश्किलीने उतरणारा तेवीस वर्षांचा कनेलो स्वखुशीने आणखी दोन पौंड उतरवायला निघाला असेल, हे पटायला अवघड आहे.

दोन-तीन पौंडांनी असा काय फरक पडतो? आम्ही तर गणपतीत तेवढं वाढवतो.

चरबीचे दोन पौंड असते तर काहीच फरक पडला नसता. हे दोन पौंड पाण्याचे असतात, आणि तेही शेवटचे.

बॉक्सर तालमीत असतो तेव्हा त्याच्या अंगावर चरबी अशी उरलेलीच नसते. मग शेवटच्या आठवड्यात मीठ बंद. आधी काही दिवस भरपूर पाणी प्यायचं, म्हणजे शरीराला ते बाहेर टाकायची सवय लागते. मग एकदम हात आखडता घ्यायचा, शेवटच्या दिवशी घोटही नाही. प्लॅस्टिकसारखा घामाचा सूट चढवून सायकल मारायची, कढत पाण्याच्या टबमध्ये बसायचं, बाहेर आल्यावर टॉवेलात गुंडाळून पडून राहायचं. च्युइंगम चघळत बाटलीत थुंकत राहायचं, कारण लाळेचंही वजन असतं. पहिले पाच-सहा पौंड असे निघून जातात. शेवटचे दोन निघता निघत नाहीत. घाम येणं थांबतं, तोंड कोरडं पडतं, पायांत गोळे येतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. काट्यावर चढताना कपडे काढावे लागतात म्हणून चौघे जण टॉवेल धरून उभे राहतात. आत गालफडं बसलेला माणूस आकडा ऐकायची वाट बघत असतो. आकडा पुकारला की पहिला हात बाटलीकडे जातो.

करारातले ‘फक्त दोन पौंड’ हे या शेवटच्या दोन पौंडांत जमा होतात. ज्याचं नेहमीचं वजनच कमी आहे त्याला त्यांची झळ लागत नाही. मर्यादा दोघांना सारखी आहे हे कागदावर खरं असतं. तिची किंमत मात्र एकटाच मोजतो.

शिवाय फरक फक्त दमसासाचा नाही. सुकलेल्या शरीरात मेंदूला डोक्यावरचे ठोसे सोसणं जास्त धोक्याचं, अशी डॉक्टरांची मुख्य चिंता आहे. पाणी प्यायल्यावर वजन लगेच परत दिसतं, पण शरीर त्याच वेगाने पूर्ववत होतंच असं नाही.

वजन आदल्या दिवशी का करतात? लढतीच्या दिवशी केलं तर प्रश्नच मिटेल ना?

पूर्वी लढतीच्याच दिवशी करत. १९८० च्या दशकात ते हळूहळू आदल्या दिवसावर गेलं. हेतू चांगला होता: सुकलेला माणूस थेट रिंगमध्ये जाऊ नये, त्याला पाणी भरून काढायला वेळ मिळावा. झालं असं की वेळ मिळतोय म्हटल्यावर लोक आणखी जास्त वजन उतरवू लागले. आज काट्यावर दिसणारा माणूस आणि दुसऱ्या रात्री रिंगमध्ये दिसणारा माणूस यांत दहा-पंधरा पौंडांचा फरक सहज असतो.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण आर्तुरो गाटी विरुद्ध जोई गमाश. २६ फेब्रुवारी २०००, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. करार १४१ पौंडांचा. आदल्या दिवशीच्या वजनाबद्दल गमाशच्या बाजूची तक्रार होती की गाटी काट्यावर नीट स्थिर उभा राहण्याआधीच १४१ पुकारण्यात आलं. लढतीच्या रात्री एचबीओ वाहिनीने केलेल्या अनधिकृत वजनात गाटी १६० भरला, गमाश १४५. पंधरा पौंडांचा फरक, म्हणजे जवळपास सात किलो! कागदावर एकाच वजनाचे असलेले हे दोघे प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या गटांतले होते. दुसऱ्याच फेरीत गमाश बेशुद्ध पडला. मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधीच लढला नाही. त्याने न्यूयॉर्क राज्यावर दावा लावला. २०१० मध्ये न्यायालयाने वजन करण्यात आयोगाचा हलगर्जीपणा झाल्याचं मान्य केलं, मात्र दुखापत त्यामुळेच झाली असं सिद्ध होत नाही म्हणून भरपाई नाकारली.

ही लढत कुणी कुणाला वाळवल्याची नाही, उलट प्रकारची आहे. वाटाघाटी कितीही बारकाईने केल्या, तरी लढतीच्या रात्रीच्या वजनाला काही बंधन नसेल तर करारातला आकडा शोभेपुरता उरतो.

मग रिहायड्रेशन क्लॉज हा त्यावरचा उपाय आहे का?

उपायही आहे आणि हत्यारही. कुणी, कुणासाठी लिहिला यावर ठरतं. या कलमानुसार लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरलात तर दंड.

आयबीएफ ही संघटना आपल्या किताबाच्या लढतींत अनेक वर्षं हे करत आली: दुसऱ्या सकाळी मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त नको. सगळ्यांना सारखा नियम, आधीपासून माहीत असलेला. मार्च २०१७ मध्ये डॅनियल जेकब्जने गोलोव्हकिनविरुद्ध हे दुसरं वजन टाळलं, त्यामुळे जिंकला असता तरी आयबीएफचा पट्टा त्याला मिळाला नसता. दोन वर्षांनी कनेलोविरुद्ध त्याच्या करारातच १७० ची अट होती. तो साडेतीन पौंडांहून जास्त भरला आणि दंड भरून लढला. हरलाही, पण गुणांवर.

अडचण होते ती कलम एका विशिष्ट माणसाच्या मापाने शिवलं जातं तेव्हा. एप्रिल २०२३ मध्ये जर्वोंटा डेव्हिस विरुद्ध रायन गार्सिया १३६ वर ठरली, दुसऱ्या सकाळी १४६ ची मर्यादा. डेव्हिस बुटका आणि आटोपशीर. गार्सिया उंच, आधीच १४० मध्ये गेलेला. दोन्ही अटी एकाच माणसाला टोचणाऱ्या. लढत हवीच म्हणून त्याने मान्य केल्या. सातव्या फेरीत यकृतावर बसलेल्या डाव्या ठोशाने तो गुडघ्यावर आला आणि दहा मोजेपर्यंत उठला नाही. तो ठोसा कुणालाही बसवणारा होता, त्यामुळे ‘वजनामुळे हरला’ असं मी म्हणणार नाही. पण डेव्हिसच्या त्या विजयाला कायमची एक तळटीप लागली, आणि ती त्याच्याच बाजूने मागितलेली होती.

दुसरी बाजूही ऐका. ‘एवढं वजन परत चढणार असेल तर त्या गटात उतरलाच कशाला? वर जाऊन लढ,’ असं लहान बॉक्सरच्या बाजूचे लोक म्हणतात. म्हणण्यात तथ्य आहे. ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची एप्रिल २०२५ ची लढत घ्या. बेन मूळचा १४७ चा, तो थेट १६० ला येणार. युबँकवर दुसऱ्या सकाळी १७० चं बंधन. दोन गट वर चढणाऱ्याला एवढं संरक्षण मागायचा हक्क आहे, असं मला वाटतं. मात्र त्याच लढतीत वजनाच्या वेळी युबँक ०.०५ पौंड जास्त भरला, म्हणजे चहाच्या चमच्याने पाच-सहा चमचे साखर होईल तेवढं, आणि त्याला पाच लाख डॉलर मोजावे लागले. दुसऱ्या सकाळचं वजन त्याने सांभाळलं, बारा फेऱ्या लढून गुणांवर जिंकला आणि मग रुग्णालयात गेला. नोव्हेंबरातली परतीची लढत बेनने जिंकली.

कॅचवेटवर विजेतेपद पणाला लावणं योग्य आहे का?

नाही. इथे मला मधला मार्ग दिसत नाही.

नोव्हेंबर १९८८ मध्ये शुगर रे लेनर्ड आणि डॉनी लालोंड यांची लढत झाली. लालोंड डब्ल्यूबीसीचा लाइट हेवीवेट विजेता, म्हणजे १७५ चा. मर्यादा ठेवली १६८, आणि एकाच रात्री दोन पट्टे पणाला लावले: लालोंडचा लाइट हेवीचा आणि नव्याने काढलेल्या सुपर मिडलवेटचा. लेनर्ड चौथ्या फेरीत एकदा पडला, पण नवव्या फेरीत जिंकला. १७५ च्या जवळपासही न जाता तो १७५ चा विजेता झाला.

पॅकियावचं आठव्या गटातलं विजेतेपदही असंच. नोव्हेंबर २०१० मध्ये अँटोनियो मार्गारितोविरुद्ध डब्ल्यूबीसीचा रिकामा सुपर वेल्टर पट्टा होता, गटाची मर्यादा १५४, कराराची १५०. पॅकियाव भरला १४४.६. म्हणजे तो खालच्या वेल्टरवेटच्या मर्यादेतही आरामात बसत होता. त्याचं शौर्य वादातीत आहे. रिंगमध्ये मार्गारितो त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसत होता आणि मार्गारितोच्याच डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. पण सुपर वेल्टरचा विजेता तो, जो १५४ च्या माणसांना १५४ वर हरवतो. तेवढं झालं नाही.

वजन चुकलं तर काय होतं?

जास्त भरलेल्याला सहसा थोडा वेळ देतात, घाम काढून या म्हणून. तरी जमलं नाही तर मानधनातून दंड, त्यातला वाटा प्रतिस्पर्ध्याला, आणि किताब असेल तर तो जिंकण्याचा हक्क जातो. मग चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात: लढायचं की घरी जायचं? तिकिटं विकली गेलेली, तीन महिन्यांची मेहनत झालेली, उधारी मानधनावर फेडायची. फार थोडे जण नाही म्हणतात.

दंड ही श्रीमंतासाठी खर्चाची एक बाब असते. सप्टेंबर २००९ मध्ये मेवेदर आणि हुआन मानुएल मार्केझ १४४ वर लढणार होते. मार्केझ १३५ मधून वर आलेला. मेवेदर १४६ भरला, दर पौंडाला तीन लाख याप्रमाणे सहा लाख डॉलर मोजले आणि सहज जिंकला.

२००५ मध्ये होसे लुइस कॅस्टिलो डिएगो कोरालेसविरुद्धच्या परतीच्या लढतीत १३५ ऐवजी साडेतीन पौंड जास्त भरला. त्याच्या गोटातला एक जण पायाने काट्याला टेकू देताना पकडला गेला, हे त्यातलं विनोदी. कोरालेस तरीही लढला आणि चौथ्या फेरीत बाद झाला, हे त्यातलं वाईट. पुढच्या वर्षी कॅस्टिलो पुन्हा जास्त भरला, तेव्हा मात्र लढत रद्द झाली.

एप्रिल २०२४ मध्ये रायन गार्सिया १४० च्या लढतीत १४३.२ भरला. डेव्हिन हेनीचा पट्टा त्याला मिळणार नव्हता, पण त्याने हेनीला तीनदा खाली पाडलं. पुढे त्याच्या नमुन्यात ऑस्टरीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि न्यूयॉर्क आयोगाने निकालच रद्द ठरवला.

विनेश फोगाट शंभर ग्रॅमसाठी बाद झाली, इथे मात्र पैसे भरले की चालतं?

हो, असंच आहे. पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ ला ५० किलोच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी तिचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती स्पर्धेतूनच बाद झाली. नियम निर्दय होता, पण तो सगळ्यांना एकच होता आणि विकत घेता येत नव्हता. हौशी बॉक्सिंगमध्येही वजन स्पर्धेच्या सकाळी होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन हा कराराचा भाग आहे आणि करार मोडायला किंमत असते. त्यातलं कुठलं बरं, हे ठरवताना विनेश आदल्या रात्रभर काय काय करत होती तेही आठवा. कडक नियमाने वजन उतरवण्याचा खटाटोप थांबत नाही.

मोठाच जिंकतो असं तर नाही ना?

अजिबात नाही. १३ सप्टेंबर २०२५ ला टेरेन्स क्रॉफर्ड दोन गट वर चढून कनेलोशी पूर्ण १६८ वर लढला आणि गुणांवर जिंकला. कुठलीही सवलतीची मर्यादा नव्हती, म्हणूनच त्या विजयाबद्दल कुणी नाक मुरडू शकत नाही.

आपल्याकडे असे वाद होतात का?

फारसे नाहीत, कारण एवढा पैसाच नाही. विजेंदर सिंग व्यावसायिक झाल्यावर सुपर मिडलवेटमध्ये लढला. २०१७ मध्ये मुंबईत वरळीला झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं, २०२१ मध्ये पणजीत कॅसिनोच्या जहाजावर आर्तिश लोप्सानकडून पहिला पराभव घेतला. चर्चा लोप्सानच्या उंचीची झाली, काट्याची नाही.

कॅचवेट बंदच का करत नाहीत?

बंद करायची गरज नाही. हॉपकिन्स-राइटसारख्या जोडी त्यामुळेच लागतात. माझ्या मते तीन गोष्टी पुरेत. किताब फक्त गटाच्या पूर्ण मर्यादेवर, म्हणजे विजेत्याला त्याखाली उतरायला सांगताच येऊ नये. लढतीच्या सकाळचं वजन सगळ्यांना सक्तीचं, आणि किती टक्के वाढ चालेल ते आयोगाने ठरवावं, लढत भरवणाऱ्या प्रवर्तकाने नाही. आणि दंड डॉलरमध्ये नव्हे, मानधनाच्या मोठ्या हिश्शात. डब्ल्यूबीसी किताबाच्या लढतीआधी तीस दिवसांवर मर्यादेपेक्षा दहा टक्क्यांहून आणि सात दिवसांवर पाच टक्क्यांहून जास्त नको, असं आधीच वजन तपासते. हे सगळीकडे झालं तर शेवटच्या आठवड्यातला अघोरीपणा तरी कमी होईल.

टीव्हीवर लढतीच्या रात्री दाखवतात ते वजन अधिकृत असतं का?

नाही. ते वाहिनीने आपल्या माहितीसाठी केलेलं असतं. बॉक्सर बूट-कपड्यांसकट उभा असू शकतो, किंवा काट्यावर चढायला सरळ नकारही देऊ शकतो. निकालावर त्याचा काही परिणाम होत नाही.